अक्रोडाचा वाडगा

आमच्या पार्ल्याच्या घरी दिवाणखान्यातल्या तिपाईवर एक लाकडी वाडगा असतो. दिवाळीत फराळाला येणारी मंडळी चिवड्याचा घास घेता घेता तो उचलून पाहतात आणि ठरलेला प्रश्न विचारतात, "काश्मीरचा वाटतं?"

प्रश्नात चूक काही नाही. अक्रोडाच्या लाकडाची वस्तू म्हणजे काश्मीर, हे समीकरण आपल्या मनात पक्के बसलेले आहे. श्रीनगरहून आणलेला चिनाराच्या पानांचा ट्रे आपल्या ओळखीच्या चार घरांत तरी सापडेलच. पण काश्मिरी कारागीर अक्रोड कोरतो. आमचा वाडगा कोरलेला नाही, यंत्रावर फिरवून कातलेला आहे. त्याच्यावर ना पान, ना फूल. लाकूडही काश्मीरचे नव्हे. ते अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातले. शिवाय हा वाडगा पुरता गोल नाही. ही शेवटची गोष्ट ध्यानात आली, की पाहुणे तो हळूच खाली ठेवतात. जणू त्यांच्याच हातून काही बिघडले. तो गोल का नाही हे सांगायला मला पाऊण तास लागतो, आणि तेवढ्यात चहा निवतो, म्हणून हिचा या विषयाला विरोध आहे. तेव्हा म्हटले, एकदा लिहूनच टाकावे.

२०१८ च्या मे महिन्यात आम्ही दोघे मुलाकडे गेलो होतो. परदेशी मुलाकडे राहायला गेलेल्या आईबापांचे दिवस कसे जातात हे वाचकांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल. मुलगा-सून कामावर, नात शाळेत, आणि आपण खिडकीशी. शेजारच्या घराच्या गॅरेजमधून रोज सकाळी नऊच्या सुमाराला घरघर ऐकू यायची. चौथ्या दिवशी मला राहवेना. मधे कुंपण नव्हतेच. हिरवळ ओलांडली आणि दारात जाऊन उभा राहिलो.

आत ऐंशी वर्षांचे एक गृहस्थ गुडघाभर कुरळ्या ढलप्यांत उभे होते. मोटार बाहेर उन्हात आणि गॅरेजमध्ये लेथ, असा त्या घरचा संसार. आमची नात त्यांना 'शेजारचे आजोबा' म्हणे, म्हणून मीही इथे त्यांना आजोबाच म्हणतो. खरे तर ते माझ्याहून बारा वर्षांनीच वडील. मी हात जोडले, त्यांनी यंत्र बंद केले, आणि "लाकडाचं काही कळतं का?" असे विचारले. मी म्हणालो, "माझं आजोळ सावंतवाडीकडचं." ह्या उत्तराचा त्यांना काय अर्थ लागला असेल कोण जाणे, पण त्यांनी एक स्टूल पुढे सरकवले. पुढचे साडेपाच महिने ते स्टूल माझे होते.

मार्चमधल्या वादळात त्यांच्या भावाच्या शेतावरचा एक काळा अक्रोड उन्मळून पडला होता. काश्मीरचा अक्रोड आणि हा काळा अक्रोड ही एकाच कुळातली चुलत भावंडे. काळ्याचे फळ खायला चवदार, पण कवच असे की घरातला अडकित्ता त्यापुढे हात टेकतो, हातोडाच लागतो. फळावरच्या हिरव्या सालीचा डाग बोटांवर बसला, की आठवडाभर जात नाही. लाकडाला मात्र सोन्याचा भाव. चांगल्या सरळ खोडाला इतकी किंमत येते, की तिकडे रात्री येऊन दुसऱ्याच्या रानातला अक्रोड कापून नेणारे चोर आहेत. आजोबांनी ओंडक्यांच्या दोन्ही तोंडांना मेण फासून ठेवले होते. लाकूड तोंडाकडून भराभर सुकते आणि तडकते; मेणाने ती घाई थांबते.

पण एका ओंडक्याला मेण लावायचे राहून गेले होते. मी तिथे बसलो असतानाच 'टक्' असा आवाज झाला, कुणीतरी सुपारी फोडावी तसा. पाहतो तो ओंडक्याच्या मधोमध, गाभ्याच्या टिंबापासून सालीपर्यंत, करंगळी जाईल एवढी चीर! आजोबा शांतपणे म्हणाले, "झाला जळणाचा." म्हणूनच वाडग्यासाठी ओंडका आडवा कापत नाहीत, तो उभा, बरोबर गाभ्याच्या टिंबातून चिरून दोन अर्धे करतात आणि ते टिंब कापून फेकून देतात. झाडाचे वय जिथून सुरू झाले तीच जागा सर्वांत दगाबाज, हे मला त्या दिवशी कळले. मग त्या अर्ध्या ओंडक्यातून भाकरीसारखा गोल तुकडा कापायचा, त्याच्या एका अंगाला लोखंडी चकती स्क्रूने बसवायची आणि ती चकती लेथवर चढवायची.

इथे मला आजोळचा कातारी आठवला. भोवरे, लाटणी, पाळण्याच्या दांड्या, पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची खेळणी, सारे तो कातायचा. जमिनीवर बसलेला, लाकडाला दोरीचा वेढा, आणि दोरीची दोन टोके आलटून पालटून ओढणारा एक पोरगा. लाकूड एकदा पुढे फिरे, एकदा मागे. पुढे फिरताना हत्यार लावायचे, मागे फिरताना उचलायचे. म्हणजे निम्मी मेहनत फुकट. मग फिरत्या खेळण्याला लाखेची रंगीत कांडी टेकवली, की घासण्याच्या उष्णतेने लाख वितळून अंगभर बसे, आणि वरून केवड्याचे पान फिरवले की आरशासारखी चकाकी येई. आजोबांच्या विजेच्या लेथवर हे पुढेमागे नव्हते. पण लाकूड फिरते आणि हत्यार स्थिर राहते, ही मूळ गंमत दोन्हीकडे एकच. सुताराकडे याच्या नेमके उलट असते.

ओला अक्रोड कातताना पाहण्यासारखा असतो. ताजे कापलेले लाकूड तपकिरी नसतेच मुळी! ते असते शेवाळी हिरवट, मधून जांभळट झाक मारणारे; हवा लागली की काही तासांत चॉकलेटी होऊ लागते. पन्हळीसारख्या पोकळ पटाशीतून ढलप्यांच्या लांबच लांब रिबिनी सुटतात, आणि अंगावर चक्क पाण्याचे तुषार उडतात. मी पहिल्या दिवशी चष्मा पुसून पुसून थकलो. त्या ओल्या भुशात हात घालून मी लोखंडी टेकणाला धरले, तर तळवे काळे ठिक्कर! अक्रोडातल्या तुरट द्रव्याचा आणि लोखंडाचा संयोग झाला, की शाईच तयार होते. घरी गेल्यावर ही म्हणाली, "अहो, मोटार दुरुस्त करून आलात की काय?" भुशाची पोती मात्र आजोबा वेगळी ठेवत आणि त्यांवर मोठ्या अक्षरांत लिहीत. गावात घोडे पाळणारे लोक होते. काळ्या अक्रोडाचा भुसा घोड्याच्या पायाखाली अंथरला, तर त्याचे खूर सुजून तो लंगडा होतो. इतर लाकडांचा भुसा ते खुशाल वाटून टाकत. अक्रोडाचा कधी नाही.

तिसऱ्या आठवड्यात त्यांनी पटाशी माझ्या हातात दिली. सूचना एकच: धार आधी लावायची नाही. धारेमागची जी उतरती पाठ असते, ती फिरत्या लाकडावर नुसती टेकवायची, घासू द्यायची, आणि मग मूठ सावकाश उचलत जायची. धार आपल्या पायांनी लाकडापर्यंत येते. सांगायला सोपे! पण वाडग्याच्या तुकड्यात लाकडाचे तंतू आडवे असतात. त्यामुळे प्रत्येक फेऱ्यात पटाशीला दोनदा लोणी भेटते आणि दोनदा उलट्या केसांची दाढी. मी दहा मिनिटे बरी काढली. मग अंगात आले. मूठ जरा झटक्यात उचलली, आणि धार काठात रुतली. धाडकन आवाज झाला, पटाशी हातातून हिसकली गेली, आणि तो सात-आठ पौंडांचा ठोकळा स्क्रूंसकट उखडून पत्र्याच्या दारावर जाऊन आदळला.

आजोबांनी आधी बटण बंद केले. मग माझे दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले. "दहा आहेत," म्हणाले. त्यानंतर ठोकळ्याकडे गेले. तोंडावर जाड पारदर्शक जाळीचा मुखवटा घातल्याशिवाय ते कुणालाही लेथजवळ उभे राहू देत नसत, त्याचा अर्थ मला त्या दिवशी उमगला. काठाचा एक चांगला मोठा कपचा उडाला होता. मी ओशाळून म्हटले, आता हाही जळणात. ते म्हणाले, "छे, बुटका होईल एवढंच." त्यांनी काठ इंचभर खाली उतरवला. आमचा वाडगा जरा बसका दिसतो, तो असा.

बाहेरून आकार आला, आतून पोखरून झाले, आणि मला वाटले, झालाच की! पण भिंत चांगली इंचभर जाड होती. इतकी जाड काथवट पोळ्यांच्या कणकेला चालेल, चिवड्याला कशाला? तेव्हा कळले की हे अर्धेच काम. उरलेले अर्धे पाण्याचे आहे.

त्याचे गणित असे. जिवंत काळ्या अक्रोडाच्या गाभ्यात लाकडाच्या कोरड्या वजनाच्या सुमारे ९० टक्के इतके पाणी असते. ते निघून जाऊ लागले की लाकूड आखडते. पण सगळीकडे सारखे नाही. खोडाच्या लांबीच्या दिशेने जवळजवळ नाहीच. गाभ्याकडून सालीकडे पुरते सुकेपर्यंत शेकडा साडेपाच, आणि वयाच्या वलयांच्या दिशेने शेकडा पावणेआठ. म्हणजे आज घोटून गोल केलेला दहा इंची वाडगा सुकताना एका अंगाने तसाच राहणार आणि दुसऱ्या अंगाने सुमारे अर्धा इंच आत येणार. गोलाचा अंडाकार होणार, हे ठरलेलेच. म्हणून कातारी व्यासाच्या दहाव्या हिश्शाइतकी भिंत जाड ठेवतो, वाडगा सुकू देतो, आणि मग त्या जाड, वेड्यावाकड्या अंड्यातून दुसऱ्यांदा खरा गोल शोधून काढतो.

"सुकायला किती दिवस?" मी विचारले.

"आठ-दहा महिने. कधी वर्ष."

आमच्या पासपोर्टावर मुक्काम सहा महिन्यांचा होता! मी तसे म्हटले, तर ऐंशी वर्षांचे ते गृहस्थ हसले. तळघरात नेऊन त्यांनी मला फळ्या दाखवल्या. तिथे वाण्याकडच्या तपकिरी कागदी पिशव्यांत, आपापल्याच ढलप्यांत गुरफटलेले, बावीस अर्धेकच्चे वाडगे सुकत पडले होते. फार वारा लागला तर तडे जातात. अजिबात लागला नाही तर बुरशी येते. कागदी पिशवी हा दोहोंमधला तोडगा. प्रत्येकाच्या बुडावर पेन्सिलीने तारीख, वजन, आणि एक नाव. नाव कुणाचे? ज्याला द्यायचा त्याचे असेल, असे मला वाटले. तसे नव्हते. "मला जमलं नाही, तर जो हा पुरा करील त्याचं," ते म्हणाले. पुतण्या, वाचनालयातली एक बाई, पलीकडच्या गल्लीतला एक शाळकरी मुलगा. मृत्युपत्राची भाषा नाही, काही नाही. दुधाचा हिशेब सांगावा तसे सांगितले. माझ्या वाडग्यावर त्यांनी 'इंडिया' लिहिले आणि तो स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. ९ जून, १ किलो ९०० ग्रॅम. पौंड आणि औंस त्यांच्यासाठी, किलो माझ्यासाठी.

तळघराच्या जिन्याशी मासिकातून कापलेले एक चित्र लावलेले होते: लेथपाशी उभा असलेला एक चष्मेवाला माणूस. हा बॉब स्टॉक्सडेल. लाकडी वाडगा ही हातात धरून पाहण्यासारखी कलावस्तू आहे, हे अमेरिकेला पटवून देणाऱ्या थोड्या लोकांत त्याचे नाव फार वर आहे. जन्म १९१३, इंडियानातल्याच शेतकरी कुटुंबातला. म्हणून आजोबांना त्याचे कौतुक असेल, असे मी समजलो. पण गोष्ट त्याहून गुंतागुंतीची होती.

अक्रोडाच्या लाकडाचा एक मोठा गुण असा, की एकदा नीट सुकले की ते फारसे हलत नाही, धक्का सोसते, आणि हाताला गुळगुळीत लागते. वाडग्याला हेच हवे असते, आणि बंदुकीच्या दस्त्यालाही हेच! पहिल्या महायुद्धात अमेरिकेला बंदुकांसाठी आणि विमानांच्या पंख्यांसाठी इतका अक्रोड लागला, की १९१८ मध्ये राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी देशभरच्या बालवीरांना उभे अक्रोड शोधून त्यांची नोंद करण्याचे आवाहन केले. अक्रोडाची कवचेसुद्धा गोळा करून त्यांचा कोळसा विषारी वायूपासून बचाव करणाऱ्या मुखवट्यांत भरला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकाच्या हातात जी एम-वन गॅरंड रायफल होती, तिचा दस्ताही अक्रोडाचाच.

त्या युद्धात स्टॉक्सडेलने बंदूक धरायला नकार दिला. सदसद्विवेकबुद्धीला पटत नाही म्हणून लढणार नाही, असे म्हणणाऱ्यांसाठी तिकडच्या कायद्यात सोय होती. अशा सुमारे बारा हजार तरुणांना बिनपगारी कामासाठी छावण्यांत ठेवले होते. स्टॉक्सडेल त्यांतला एक. त्या छावणीत असताना त्याने आपला पहिला वाडगा कातला. १९४२ साली आपल्याकडे किती माणसे तुरुंगात बसून सूत कातत होती, ते वाचकांना सांगायला नको. सुतालाही 'कातणे' आणि लाकडालाही 'कातणे'. आपल्या भाषेने दोघांना एकच क्रियापद दिले आहे. मी ते आजोबांना सांगितले, तेव्हा त्यांनी तो शब्द दोन-तीनदा उच्चारून पाहिला.

ते स्वतः १९५७ ते ५९ फौजेत होते. "दोन वर्षं हाच अक्रोड खांद्याला लावून हिंडलो," ते म्हणाले. "तो माणूस बरोबर होता की आम्ही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. वाडगे मात्र त्याचे माझ्यापेक्षा पुष्कळ चांगले." यावर मी काही बोललो नाही. त्यांना उत्तर नकोच होते.

स्टॉक्सडेल पुढे कॅलिफोर्नियात बर्कलीला स्थायिक झाला आणि घराच्या तळघरात जन्मभर वाडगे कातत राहिला. १९७२ मध्ये त्याने के सेकिमाची या विणकाम करणाऱ्या कलावतीशी लग्न केले. ती जपानी वंशाची. जन्म सॅन फ्रान्सिस्कोचा, तरीही युद्धकाळात सरकारने तिला कुटुंबासह छावणीत डांबले होते. म्हणजे नवराही छावणीतला आणि बायकोही, कारणे मात्र निराळी. स्टॉक्सडेलच्या लाकडी वाडग्यांचा साचा करून सेकिमाचीने त्यांवर कागदाचे वाडगे घडवले: झुळुकीने उडतील इतके हलके, आणि आकार नवऱ्याच्या पटाशीचा. स्टॉक्सडेल २००३ मध्ये वारला. आता मला कुणी संसाराची व्याख्या विचारली, तर मी त्या कागदी वाडग्यांकडे बोट दाखवतो.

आमचा मुक्काम संपत आला. ऑगस्टात वाडगा १ किलो ४३० ग्रॅमवर आला होता, नोव्हेंबरात निघताना १ किलो २१० वर. निरोप घ्यायला गेलो, तेव्हा आजोबांनी पिशवी उघडून दाखवली. तो एव्हाना स्पष्ट अंडाकार झाला होता. ही म्हणाली, "रुसल्यासारखा दिसतोय."

मग दर पंधरा दिवसांनी नात फोनवर आकडा सांगू लागली. तिकडे थंडीत घरे तापवतात, त्यामुळे तळघराची हवा ठणठणीत कोरडी होते. जानेवारीत १ किलो १४०, फेब्रुवारीत पुन्हा १ किलो १४०. वजन उतरायचे थांबले, म्हणजे लाकूड सुकले. आठ महिन्यांत त्या एवढ्याशा ठोकळ्याने पाऊण लिटरहून जास्त पाणी हवेत सोडले होते. मार्च २०१९ मध्ये आजोबांनी त्याला पुन्हा लेथवर चढवले. नातीने ते सगळे फोनवर टिपून पाठवले. आधी पटाशी वेडीवाकडी ठेचकाळत होती, कारण अंडे फिरवायचे होते. हळूहळू ठोके कमी झाले आणि एक सलग सूर लागला. गोल सापडला होता. भिंत पाव इंचावर आली. मग पॉलिशपेपर, खरखरीतापासून रेशमी बारीकपर्यंत, आणि शेवटी अक्रोडाचे तेल. हे तेल हवेत सावकाश घट्ट होऊन लाकडात मुरते. बाटलीतले तेल मात्र चुलतभावाच्या, म्हणजे आपल्या नेहमीच्या अक्रोडाच्या फळाचे.

जुलैत मुलगा मुंबईला आला, तो वाडगा बनियनांत गुंडाळून घेऊन. अगदी गोल! मी पोलादी टेपने मोजला: कसाही धरा, नऊ इंच. आठवडा गेला, दोन गेले. बाहेर पार्ल्याचा पाऊस. एक दिवस तिपाईवर वाडगा जरा निराळाच दिसला. टेप लावला, तर तंतूंच्या आडव्या अंगाने तो एक सूत वाढलेला. इंडियानाच्या थंडीत जे पाणी सोडले, त्यातले थोडे त्याने मुंबईच्या हवेतून परत घेतले होते. मी घाबरून मुलाकरवी निरोप पाठवला: बिघडला की काय? उत्तर आले: "बिघडला नाही. तुमच्याकडे पाऊस पडतो आहे, एवढंच तो सांगतो आहे. थंडीत मोजून कळवा."

तेव्हापासून मी वर्षातून दोनदा मोजतो, जानेवारीत आणि ऑगस्टात, आणि आकडे कळवतो. आजोबांच्या हातांनी आता काम सोडले आहे. पटाशीची मूठ पकडवत नाही. तळघरातल्या पिशव्या एकेक करून ज्यांची नावे त्यांच्याकडे गेल्या. शेवटच्या दोन आमच्या नातीने त्याच लेथवर पुऱ्या केल्या. ते स्टुलावर बसून पाहत होते. माझ्याच स्टुलावर. आकडे मात्र अजून विचारतात.

अक्रोड उन्हात राहिला तर बाकीच्या लाकडांसारखा गडद न होता उलट फिका होतो, म्हणून तिपाई खिडकीपासून लांब सरकवली आहे. दिवाळीत हवा कोरडी व्हायला लागते, तेव्हा वाडगा पावसाळा आणि थंडी यांच्या मधल्या वाटेवर असतो. आज सकाळी मोजला: अर्ध्या सुताहून थोडा जास्त. चिवड्याला तेवढ्याने काही फरक पडत नाही, असे हिचे म्हणणे आहे.